ई-मेलची साठवण-मर्यादा आणि स्वयंचलित संग्रहण : सिल्वासा परिसरातील शिक्षकांसाठी एक विवेचन

प्रास्ताविक

महाविद्यालयाचा बराचसा पत्रव्यवहार आज ई-मेलने चालतो. सिल्वासा येथील शिक्षकांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. येथील काही महाविद्यालयांचे विद्यापीठ पुण्याला, तर काहींचे सुरतेला. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एकत्र झाल्यापासून प्रशासनाचे मुख्यालय दमणला आहे. कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी ज्या कारखान्यांत जातात, त्यांची मुख्य कार्यालयेही पुष्कळदा बाहेरगावी असतात. परीक्षेचे वेळापत्रक, अनुदानाचे मंजुरीपत्र, कारखान्याचे हजेरीपत्रक असे सारे कागद एकाच ठिकाणी, म्हणजे शिक्षकाच्या मेलबॉक्समध्ये येऊन पडतात.

या मेलबॉक्सला मर्यादा असते. ती ओलांडली की नवे पत्र आत येत नाही. ते पाठविणाऱ्याकडे परत जाते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. पत्र परत गेल्याची सूचना पाठविणाऱ्याला मिळते, ज्याला ते मिळायला हवे होते त्याला मिळत नाही. परीक्षा अर्जाची मुदत कळविणारे पत्र असे परत गेले, तर शिक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही आणि नुकसान मात्र विद्यार्थ्याचे होते. उलट, जागा मोकळी करण्याच्या घाईत सरसकट जुनी पत्रे पुसली, तर पुढे कधीतरी लागणारा पुरावा नाहीसा होतो. या दोन्ही अडचणींवर स्वयंचलित संग्रहण हा उपाय सांगितला जातो. हा उपाय नेमके काय करतो, काय करीत नाही आणि तो लागू करण्यापूर्वी महाविद्यालयाने कोणते निर्णय घेतले पाहिजेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. मर्यादेची पार्श्वभूमी

२००४ पर्यंत मोफत ई-मेल सेवांची साठवण अगदी तुटपुंजी होती. हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा देत असे. वाचलेले पत्र पुसणे ही तेव्हा सवय नव्हती, गरज होती. १ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेल ही सेवा १ जीबी साठवणीसह जाहीर केली. पत्रे पुसण्याची गरजच उरणार नाही, असा विश्वास त्यातून निर्माण झाला. २०१३ मध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे यांची जागा एकत्र करून ती १५ जीबी करण्यात आली.

हा विश्वास फार काळ टिकला नाही. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमध्ये नव्याने साठविली जाणारी छायाचित्रेही या १५ जीबीत मोजली जाऊ लागली. शैक्षणिक संस्थांना पूर्वी मिळणारी अमर्याद साठवणही बंद झाली. २०२१ मध्ये केलेल्या घोषणेनुसार २०२२ पासून प्रत्येक संस्थेला सर्व खात्यांसाठी मिळून १०० टीबी असे सामाईक प्रमाण लागू झाले. लहान महाविद्यालयाला हे प्रमाण मोठे वाटेल. परंतु माजी विद्यार्थ्यांसह वीस हजार खाती असलेल्या संस्थेत ते प्रत्येकी सुमारे ५ जीबी इतकेच भरते.

तात्पर्य असे की, साठवण अमर्याद आहे हे गृहीत धरून चालता येत नाही. ज्या संस्थांचे शिक्षक अजून वैयक्तिक मोफत खात्यांवरूनच महाविद्यालयाचे काम करतात, त्यांची अडचण तर दुहेरी आहे. घरच्या समारंभाची छायाचित्रे आणि विद्यापीठाची परिपत्रके तेथे एकाच १५ जीबीत वाटेकरी असतात.

२. जागा कशाने भरते?

मेलबॉक्स पत्रांच्या संख्येने भरतो, हा समज बरोबर नाही. नुसत्या मजकुराचे पत्र काही केबींचे असते. जागा व्यापतात ती जोडपत्रे. शिवाय ई-मेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी रचलेली असल्यामुळे जोडपत्राचे रूपांतर अक्षरांत करूनच ते पाठविले जाते. या रूपांतरात त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ३ एमबीची स्कॅन केलेली फाइल जोडली की पत्र सुमारे ४ एमबीचे होते.

एक साधा हिशेब करू. एखाद्या शिक्षकाला कामाच्या दिवशी अशी पाच पत्रे येतात असे मानले, तर रोज २० एमबी खर्च होतात. १५ जीबीची पूर्ण जागा मोकळी असली तरी ती सुमारे ७७० दिवसांत संपेल. वर्षाला कामाचे २२० दिवस धरले तर ही मुदत साडेतीन वर्षांची होते. फोनमधील छायाचित्रांनी निम्मी जागा आधीच घेतली असेल, तर दोन वर्षेही पुरी होणार नाहीत.

दुसरे कारण प्रतींचे. विभागप्रमुखांनी ४ एमबीचे पत्र बारा सहकाऱ्यांना पाठविले, की बारा मेलबॉक्समध्ये बारा प्रती आणि पाठविणाऱ्याच्या 'पाठविलेली पत्रे' या फोल्डरमध्ये तेरावी प्रत पडते. कुणी ते पुढे पाठविले की आणखी प्रती तयार होतात. हीच फाइल सामाईक ड्राइव्हवर ठेवून पत्रात फक्त दुवा दिला, तर प्रत एकच राहते.

म्हणून संग्रहणाची यंत्रणा उभी करण्याआधी पहिले काम वेगळेच आहे. जीमेलच्या प्रगत शोधात 'जोडपत्र आहे' आणि 'आकार १० एमबीपेक्षा मोठा' असे दोन निकष देऊन यादी काढावी. थोड्याशा पत्रांनीच जागेचा मोठा भाग अडविला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येईल. पुसलेली पत्रे कचरापेटीत ३० दिवस राहतात आणि तोवर ती जागा व्यापतात. त्यामुळे कचरापेटी रिकामी केल्याशिवाय हिशेब बदलत नाही.

३. 'संग्रहण' या शब्दाचे तीन अर्थ

या विषयातील बहुतेक गोंधळ एका शब्दामुळे होतो. 'अर्काइव्ह' हे बटण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी कामे करते.

(अ) नजरेआड करणे. जीमेलमधील 'अर्काइव्ह' पत्राला फक्त इनबॉक्समधून बाजूला करते. पत्र 'सर्व पत्रे' या विभागात तसेच राहते आणि साठवणीत पूर्वीइतकीच जागा व्यापते. टेबलावरची फाइल त्याच खोलीतील कपाटात ठेवावी तसे हे आहे. टेबल रिकामे दिसते, खोली तेवढीच भरलेली असते. इनबॉक्समधील हजारो पत्रे अशी 'अर्काइव्ह' केली तरी मेलबॉक्स भरल्याची सूचना कायम राहते, याचे कारण हेच होय.

(आ) संगणकावर हलविणे. आऊटलुक किंवा थंडरबर्ड यांसारखा कार्यक्रम जुनी पत्रे सर्व्हरवरून उचलून शिक्षकाच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावरील फाइलमध्ये ठेवतो. येथे सर्व्हरवरील जागा खरोखर मोकळी होते. मात्र यापुढे त्या पत्रांची जबाबदारी त्या एका संगणकाची, म्हणजेच त्याच्या हार्ड डिस्कची होते.

(इ) सर्व्हरवरच दुसरीकडे हलविणे. मायक्रोसॉफ्टच्या संस्थात्मक सेवेत परवान्यानुसार मुख्य मेलबॉक्सला जोडून एक वेगळा संग्रह-मेलबॉक्स उघडता येतो. तो सुरू केला आणि मूळ नियम बदलला नाही, तर दोन वर्षांपेक्षा जुनी पत्रे आपोआप तेथे जातात. मुख्य मेलबॉक्स हलका होतो, पत्रे संस्थेच्या ताब्यात राहतात आणि शिक्षकाला ती शोधताही येतात.

या तिन्हींपैकी आपण कोणते संग्रहण करीत आहोत, हे प्रथम निश्चित केले पाहिजे. पहिल्याने जागा मोकळी होत नाही. दुसऱ्याने होते, पण धोका वाढतो. तिसरा मार्ग सर्वांत सुरक्षित आहे, पण तो संस्थेने निर्णय घेतल्याशिवाय मिळत नाही.

४. स्वयंचलित संग्रहण प्रत्यक्षात कसे चालते?

आऊटलुक : विंडोजवरील जुन्या, म्हणजे 'क्लासिक' आऊटलुकमध्ये 'ऑटोअर्काइव्ह' नावाची सोय आहे. ती सुरू केली की मूळ मांडणीनुसार दर १४ दिवसांनी चालते. इनबॉक्समधील सहा महिन्यांपेक्षा आणि पाठविलेल्या पत्रांपैकी दोन महिन्यांपेक्षा जुनी पत्रे ती एका पीएसटी फाइलमध्ये हलविते. हे कालावधी प्रत्येक फोल्डरसाठी वेगळे ठरविता येतात. पत्र हलवावे की कायमचे पुसावे, हा पर्यायही तेथेच असतो. तो न वाचता पुढे गेल्यास अनर्थ होऊ शकतो. पत्राचे वय मोजताना ते मिळाल्याची तारीख आणि त्यात शेवटचा बदल झाल्याची तारीख यांपैकी नंतरची धरली जाते. म्हणूनच एखादे फार जुने पत्र जागचे हलत नाही, असे कधी कधी दिसते. नव्या आऊटलुकमध्ये ही सोय नाही, त्यामुळे कार्यक्रम बदलण्यापूर्वी याचा विचार करावा.

पीएसटी फाइललाही मर्यादा आहेत. आऊटलुक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती २ जीबीची होती. आऊटलुक २०१० पासून मूळ मर्यादा ५० जीबी आहे. ही फाइल महाविद्यालयाच्या नेटवर्कवरील सामाईक डिस्कवर ठेवून तेथूनच वापरण्यास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. अशा वापराने ती बिघडू शकते. ती संगणकावर ठेवावी आणि आऊटलुक बंद करून तिची प्रत दुसरीकडे घ्यावी.

थंडरबर्ड : हा मोफत कार्यक्रम आहे. यात संग्रहाची जागा 'स्थानिक फोल्डर' अशी नेमून वर्षवार फोल्डर तयार करता येतात. 'पत्राचे वय इतक्या दिवसांपेक्षा जास्त' असा निकष लावून गाळणी तयार केली की निवडक फोल्डरांतील जुनी पत्रे आपोआप हलविता येतात. जीमेलचे खाते जोडलेले असल्यास मात्र एक काळजी घ्यावी. स्थानिक फोल्डरमध्ये हलविलेल्या पत्राची प्रत जीमेलच्या 'सर्व पत्रे' विभागात राहिलेली असू शकते. ती तेथून पुसून कचरापेटी रिकामी केल्यावरच जागा मोकळी होते.

जीमेल : जुनी पत्रे ठराविक काळानंतर आपोआप दुसरीकडे नेण्याची तयार सोय वैयक्तिक जीमेलमध्ये नाही. गुगलच्या 'टेकआऊट' या सेवेतून निवडक लेबलखालील पत्रे एमबॉक्स या खुल्या स्वरूपात उतरवून घेता येतात. दर दोन महिन्यांनी, एक वर्षभर, अशी निर्यात आपोआप व्हावी असे वेळापत्रकही लावता येते. ही फक्त प्रत असते. मूळ पत्रे पुसण्याचे काम, प्रत उघडून पाहिल्यानंतर, स्वतः करावे लागते. दोन कामांमधील ही फट त्रासदायक वाटली तरी ती हिताची आहे.

५. काय जपावे? कायदा आणि इतिहास

यंत्राला पत्राचे वय कळते, महत्त्व कळत नाही. सहा महिन्यांपूर्वीची वर्गणीची आठवण आणि सहा महिन्यांपूर्वीचे नियुक्तीपत्र त्याच्या दृष्टीने सारखेच. म्हणून नियम लावण्यापूर्वी जपण्याजोगे काय, हे माणसाने ठरविले पाहिजे.

या बाबतीत काही कायद्यांची माहिती असणे आवश्यक आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील 'माहिती' या शब्दाच्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा केंद्र सरकारबरोबरच केंद्रशासित प्रदेशांच्या प्रशासनालाही लागू आहे. त्यामुळे सिल्वासातील शासकीय संस्थांच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा ठरतो. संगणकाने निर्माण केलेले साहित्यही त्यात सार्वजनिक अभिलेख मानले आहे. असा अभिलेख विहित पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाही आणि तसे करणे शिक्षापात्र आहे. शासकीय महाविद्यालयातील कार्यालयीन पत्रे 'जागा नव्हती म्हणून पुसली', हे उत्तर म्हणूनच पुरेसे होत नाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ आणखी एक गोष्ट सांगते. कायद्याने जपायचा कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जपायचा असेल, तर तो पुढेही उघडता आला पाहिजे, मूळ मजकूर बिनचूक राहिला पाहिजे, आणि तो कोणी, कोणाला, केव्हा पाठविला हा तपशील त्यासोबत असला पाहिजे. पत्रातील मजकूर नक्कल करून वर्ड फाइलमध्ये ठेवला, तर हा तपशील गळून पडतो. संपूर्ण पत्र एमबॉक्स किंवा ईएमएल स्वरूपात ठेवले, तर तो टिकतो.

जुन्या पत्रांचे मोल सिल्वासाच्या इतिहासानेही दाखवून दिले आहे. दादरा व नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली. पुढच्याच वर्षी पोर्तुगालने दमणहून या प्रदेशात जाण्याच्या हक्कासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाला पेशवाईतील कागद तपासावे लागले. मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा हे ते कागद होत. तहाच्या निरनिराळ्या संहिता न्यायालयापुढे आल्या, आणि कोणती प्रमाण मानायची हाच वादाचा एक विषय झाला. पोर्तुगिजांना मराठ्यांकडून मिळाले ते सार्वभौमत्व नव्हते, तर वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम होता, असा निष्कर्ष न्यायालयाने या कागदांवरून काढला. सनदा लिहिणाऱ्या कारकुनाला आपला कागद पावणेदोनशे वर्षांनी दूरच्या न्यायालयात वाचला जाईल, अशी कल्पनाही नसेल. महाविद्यालयाच्या ई-मेलची तुलना सनदांशी करण्याचा हेतू नाही. परंतु कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला काय लिहिले, आणि खरी प्रत कोणती, हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत.

याच्या उलट बाजूही आहे. सर्वच जपणे योग्य नव्हे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या आधार कार्डांच्या प्रती, जातीचे दाखले, बँक पासबुकांची छायाचित्रे शिक्षकांच्या मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे तत्त्व असे की, काम संपल्यावर आणि अन्य कायद्याने गरज नसल्यास वैयक्तिक माहिती ठेवू नये. अशी जोडपत्रे प्रवेश विभागाच्या अधिकृत नोंदीत गेल्यावर शिक्षकाच्या मेलबॉक्समधून काढून टाकणे हेच विद्यार्थ्यांच्या हिताचे आहे.

६. महाविद्यालयासाठी प्रस्तावित कार्यपद्धती

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येतो.

१) पत्रांचे चार वर्ग करावेत : (क) कायम ठेवावयाची – संलग्नता, मंजुरी, नियुक्ती, निकाल, करार; (ख) मूल्यांकनाचे किंवा लेखापरीक्षणाचे चक्र पूर्ण होईपर्यंत ठेवावयाची – हजेरी, प्रशिक्षण अहवाल, उपक्रमांचे पुरावे; (ग) शैक्षणिक वर्ष संपेपर्यंतची – वेळापत्रके, सभेच्या सूचना; (घ) लगेच काढून टाकावयाची – जाहिराती, शुभेच्छा, दुबार प्रती. कोणत्या वर्गाची मुदत किती, हे प्राचार्य आणि कार्यालय यांनी लेखी ठरवावे. शासकीय संस्थेत त्याला प्रशासनाच्या अभिलेख-नियमांचा आधार असावा.

२) प्रत्येक वर्गासाठी एक फोल्डर किंवा लेबल करावे. पाठविणाऱ्याच्या पत्त्यावरून पत्र योग्य ठिकाणी जाईल अशी गाळणी लावावी. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून येणारे पत्र आपोआप 'क' किंवा 'ग' मध्ये पडले, की पुढचे काम निम्मे होते.

३) वयाचा नियम फक्त 'ख' आणि 'ग' वर्गांना लावावा आणि आपोआप पुसण्याचा पर्याय कोठेही निवडू नये. 'क' वर्ग यंत्रावर न सोपविता वर्षातून एकदा, शक्यतो सत्र संपल्यावर, स्वतः संग्रहात हलवावा.

४) संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात : एक कार्यालयाच्या संगणकावर, दुसरी बाह्य डिस्कवर किंवा संस्थेच्या ड्राइव्हवर. एकाच संगणकावरील दोन फोल्डर म्हणजे दोन प्रती नव्हेत.

५) संग्रह उघडून पाहावा. दर सहा महिन्यांनी कोणतीही पाच जुनी पत्रे शोधून, जोडपत्रासह उघडतात का ते तपासावे. जो संग्रह कधी उघडून पाहिला नाही, त्यावर विसंबता येत नाही.

६) कामासाठी व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या नावाचे खाते वापरावे. कम्युनिटी कॉलेजमध्ये मानधनावरील शिक्षक दरवर्षी बदलतात. समन्वयकाने स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून कारखान्याशी तीन वर्षे पत्रव्यवहार केला आणि तो नोकरी सोडून गेला, तर विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरात नसले, तर गुगल ते पुसूनही टाकू शकते. हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. कार्यमुक्तीच्या वेळी ग्रंथालयाच्या 'येणे बाकी नाही' दाखल्याप्रमाणेच ई-मेल संग्रह सुपूर्द केल्याची नोंदही घ्यावी.

समारोप

मेलबॉक्स भरणे ही तांत्रिक अडचण दिसते, पण तिचे मूळ कारण प्रशासकीय आहे. कोणते पत्र किती काळ आणि कोणाच्या ताब्यात ठेवायचे, हे ठरलेले नसते म्हणून सर्व पत्रे सर्वत्र साठतात, आणि एक दिवस जागा संपली की घाईने पुसली जातात. स्वयंचलित संग्रहण हे ठरलेल्या निर्णयाची अंमलबजावणी उत्तम करते. निर्णय मात्र ते घेऊ शकत नाही. महाविद्यालयाने एका बैठकीत चार वर्ग आणि त्यांच्या मुदती निश्चित केल्या, पदनामाची खाती उघडली आणि संग्रहाची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपविली, तर पुढचे काम यंत्र निमूटपणे करते. मग विद्यापीठाचे पत्र परत जाणार नाही, आणि तीन वर्षांनी एखादी विद्यार्थिनी आपल्या प्रशिक्षणाचा दाखला मागायला आली, तर तिला रिकाम्या हाताने परत जावे लागणार नाही.